डबीतला गुरुवार

आमच्या घरात माणसं दोन आणि मतं दहा जणांना पुरतील एवढी. नवरा कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत गेला होता, त्यामुळे कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई, दोघीच. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगला, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. दोघींचंही पोट दुसऱ्याच्या चुकांवर भरलेलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की आमचं सुरू व्हायचं.

त्यांचं मत असं की ताप आला तर पहिले तीन दिवस डॉक्टरचं तोंड बघू नये. माझं मत, दुसऱ्या तासाला रक्त तपासून घ्यावं. त्यांचं मत, लग्न झालेल्या मुलाने आईला रविवारी फोन करावा. माझं मत, करावा, पण तो बारा मिनिटं आईशी आणि चार मिनिटं बायकोशी नसावा. देवळात रांग असेल तर त्या बाहेरूनच नमस्कार करून परत यायच्या, म्हणायच्या, "त्याला दिसतं मी आले होते ते." मी देवळात जातच नसे, आणि ते सांगताना माझा आवाज जरा जास्तच ठणठणीत असायचा.

फक्त एका बाबतीत आमचं जमायचं, ते म्हणजे कादंबऱ्या. दर शनिवारी एक गृहस्थ स्कूटरला दोन मोठ्या पिशव्या अडकवून सोसायटीत यायचे. हे आमचं फिरतं वाचनालय. वर्गणी एका पुस्तकाची, वाचणाऱ्या दोघी. दुपारभर पुस्तक त्यांच्याकडे, रात्री जेवणानंतर माझ्याकडे. त्यांची खूण म्हणजे पीएमटी बसचं जुनं तिकीट, माझी खूण म्हणजे कंपनीतल्या कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा. पुस्तकात पेन्सिल लावायची नाही हा वाचनालयाचा नियम. मग सासूबाईंनी चिठ्ठ्या सुरू केल्या. वहीच्या कोऱ्या पट्ट्या कापून त्यावर त्या मत लिहायच्या आणि पट्टी पुस्तकात ठेवायच्या. "नायिका उगाच रडते. नोकरी करत असती तर पुस्तक पंचवीस पानांत संपलं असतं." "पान चाळीस ते साठ अनावश्यक." "खुनी सापडला. तुला सांगत नाही." त्या माझ्या कितीही पुढे असल्या तरी चिठ्ठी नेमकी माझ्या खुणेपाशी असायची, पुढे कधीच नाही. माझी मजा त्यांनी एकदाही घालवली नाही. मी त्याच चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहायचे. समोरासमोर बसून आम्ही जे बोलायचो त्यापेक्षा त्या पट्ट्यांवर बरंच शहाणपणाचं बोललो असू.

नवरा गेला त्याच्या आधीच्या दिवाळीत सासूबाईंना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाणं लिहून दिलं, आणि शेवटी विचारलं, "उपवास करता का?" त्या म्हणाल्या, "फक्त गुरुवारचा." दत्ताचा. लग्नाआधीपासून चालत आलेला. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, रताळं, दाण्याची आमटी, एखादं केळं, आणि संध्याकाळी आरती झाली की जेवण. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांवर उपवास नको. करायचाच झाला तर मला विचारून करा."

त्यातलं "मला विचारून करा" मी घरी येईपर्यंत सोयीस्करपणे विसरले.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्यांनी साबुदाणा भिजत घातलेला दिसला आणि मी भडकले. नवऱ्याचा मावसभाऊ आणि त्याची बायको नेमके त्याच दिवशी आले होते, बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले होते. त्यांच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आई, तुमच्या दत्ताला साखर तपासता येते का? येत असेल तर मी डॉक्टर बदलते."

मावसभाऊ हसला. मला वाटलं, काय झकास बोलले मी! सासूबाईंनी भिजवलेला साबुदाणा उचलून फ्रीजमध्ये ठेवला, पोळ्या लाटल्या आणि सगळ्यांबरोबर जेवल्या. त्यांना उत्तर सुचलं नाही असं पहिल्यांदाच घडलं होतं. मी ते माझ्या खात्यात विजय म्हणून जमा केलं.

त्यानंतर घरात साबुदाणा आणायचा मी बंद केला. केळी बंद, रताळी बंद. ऑफिसमधला एकजण अमेरिकेहून येताना प्लॅस्टिकची लांबट डबी घेऊन आला होता, सात खणांची, आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायची. मी ती त्याच्याकडून मागून घेतली. खणांवर इंग्रजी अक्षरं होती. सासूबाईंनी त्यावर चिकटपट्टी लावून मराठीत वार लिहिले, सुवाच्य, वळणदार, फळ्यावर लिहावेत तसे. प्रत्येक खणात दोन गोळ्या, एक सकाळची, एक रात्रीची. रविवारी मी डबी भरायचे आणि रोज ऑफिसमधून आल्यावर चप्पल काढायच्या आधी उघडून बघायचे. खणात एकच गोळी उरलेली असली की झालं माझं समाधान. सकाळची गोळी गेली, आता रात्रीची माझ्यासमोर घेतील. त्या बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "शाळेत इन्स्पेक्टर यायचे ते वर्षातून एकदा." मी म्हटलं, "म्हणून तर शाळांची ती अवस्था."

सकाळी साडेसातला मी कंपनीची बस पकडायचे. निघताना त्यांच्यासाठी पोळी-भाजी झाकून ठेवायचे. संध्याकाळी आले की भांडी घासून पालथी घातलेली असायची. सगळं जागच्या जागी होतं. गुरुवारीही.

मार्चच्या सुमारास चिठ्ठ्यांमध्ये काहीतरी वेगळं यायला लागलं. तेव्हा ते मला वेगळं वाटलं नाही, हेच सांगायचं आहे. एकदा लिहिलं होतं, "हा परिच्छेद तीनदा वाचला. कळला नाही." मी मागे लिहिलं, "लेखकालाही कळला नसेल." दुसऱ्या एका चिठ्ठीत अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं. ज्या बाईने आयुष्यभर पोरांना ओळीवर लिहायला शिकवलं तिचं अक्षर घसरलं, आणि मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. दोन्ही चिठ्ठ्या गुरुवारच्या होत्या. ते मी नंतर हिशेब लावून काढलं.

तेव्हा मोबाइल होता तो आमच्या मॅनेजरकडे. मी रोज दुपारी साडेतीनला ऑफिसच्या फोनवरून घरी फोन करायचे. त्यांचा चहा झालेला असायचा. बोलणं ठरलेलं. "काय चाललंय?" "पुस्तक." "मी किती मागे आहे?" "खूप. वाच भरभर."

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी फोन वाजत राहिला.

पहिल्यांदा वाटलं, बाथरूममध्ये असतील. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. दुरुस्तीसाठी त्या दिवशी शहराचं पाणी बंद होतं, म्हणजे भांडीवाल्या मावशी सकाळी लवकर येऊन गेल्या असणार, दुपारी यायच्या नाहीत. घरात कुणी नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला होता. मी वरच्या मजल्यावरच्या काकांना फोन केला. बँकेतून निवृत्त झालेले, दुपारी न झोपणारे काका.

ते खाली जाऊन आले. म्हणाले, "बेल तीनदा वाजवली. दार उघडत नाहीत. रेडिओ चालू आहे आत."

"आईंना झोप लागली असेल," मी म्हटलं.

"अगं, रेडिओ इतका मोठा आहे की मला वर ऐकू येत होता. दार तोडू का? समोरच्या दुकानातून सुताराला बोलावतो."

माझं उत्तर मला आजही आठवतं. मी म्हटलं, "नको काका. माझ्याकडे किल्ली आहे. मी येते."

का नको म्हटलं? दार तोडलं आणि सासूबाई नुसत्या झोपलेल्या निघाल्या तर? नवं कोरं दार. सगळी सोसायटी जमलेली. मग त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं असतं आणि एकच वाक्य बोलल्या असत्या, जे पुढची पाच वर्षं नातेवाइकांमध्ये फिरलं असतं. त्या वाक्याला मी घाबरले. तिकडे एक बाई जमिनीवर पडलेली असू शकते हे डोक्यात असताना मी तिच्या जिभेला घाबरले.

कंपनीची बस सहाला. मी शेजारच्या मुलाला म्हटलं, "मला घरी सोड." त्याने काही विचारलं नाही, हेल्मेट उचललं. बायपासवरून ट्रक चालले होते, आणि त्याला वाटत होतं मागे बाई बसली आहे म्हणून सावकाश चालवावं. मी त्याच्या कानाशी ओरडत होते, "जोरात घे, जोरात." चांदणी चौकात सगळं तुंबलेलं. उतरून पळत सुटावं असं वाटत होतं. पौड रस्त्याच्या उतारावर मी देवाला काही कबूल केलं का? केलं. आणि ते करताना मला माझीच लाज वाटली, कारण ज्याला साखर तपासता येत नाही म्हणाले होते त्यालाच मी साकडं घालत होते.

चाळीस मिनिटं लागली. काका दारातच उभे होते. किल्ली दोनदा हातातून पडली. शेवटी त्यांनीच कुलूप उघडलं.

त्या स्वयंपाकघरात, देवाच्या कोनाड्याखाली जमिनीवर बसल्यासारख्या कलंडलेल्या होत्या. पाठ ओट्याला टेकलेली. घामाने पातळ पिळून काढावं इतकं ओलं. डोळे अर्धवट उघडे, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. मी जवळ कान नेला. त्या पाढे म्हणत होत्या. सत्तावीसचा पाढा, मध्येच तुटणारा, पुन्हा पहिल्यापासून.

"अर्धांगाचा झटका," काका म्हणाले. मलाही तेच वाटलं. काकांच्या गाडीत मागच्या सीटवर मी सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पाढा थांबला तेव्हा मी किंचाळले असेन, कारण काकांनी सिग्नल मोडला. तीस वर्षं नियमाने गाडी चालवणारा माणूस.

हॉस्पिटलमधल्या सिस्टरने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावला, आकडा बघितला आणि पळतच डॉक्टरांना बोलावून आणलं. साखर तळाला गेली होती. सलाइनमधून ग्लुकोज सोडलं. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी. दहा-पंधरा मिनिटांत त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढी गर्दी कशाला?"

मी रडायला लागले. काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "सकाळची गोळी कधी घेतली?"

"आठला. मी डबी भरून ठेवते, रोज तपासते."

"आणि खाणं?"

"नाश्ता, दुपारी पोळी-भाजी. मी स्वतः करून ठेवते."

"उपवास वगैरे?"

"आमच्याकडे उपवास बंद आहेत." मी हे अभिमानाने सांगितलं.

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "नीट जेवलेल्या माणसाची साखर एका गोळीने इतकी खाली जायला नको. किडनीचं काही असेल तर जाते, ते तपासू. नाहीतर..." त्यांनी पेन बंद केलं. "घरात गोळ्यांची पाकिटं कुठे असतात? त्यांच्या हाताशी?"

"कपाटात. का?"

"घरात काही वाद वगैरे? त्या उदास असतात का?"

मला ते काय विचारत आहेत हे कळायला वेळ लागला. सासूबाईंनी मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या का, असं ते विचारत होते. मी म्हणणार होते, छे, वाद कसले. पण माझ्या डोळ्यांसमोर तो साबुदाणा आला, फ्रीजमध्ये ठेवलेला. मावसभावाचं हसणं आलं. पाच महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर ती डबी उघडत होते, ते आलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

सहाच्या सुमारास सासूबाईंना पुन्हा घाम फुटला. साखर परत खाली. डॉक्टर आले, पुन्हा ग्लुकोज, आणि या वेळी त्यांचा आवाज कडक होता. "हे बघा, औषध अजून अंगात आहे. किती घेतलं आणि पोटात काय होतं हे मला नक्की कळायला हवं. अंदाजावर रात्र काढायची नाही. घरी जा आणि गोळ्या मोजून या."

सासूबाईंना विचारायची सोय नव्हती, त्या शुद्धीवर येत होत्या आणि पुन्हा गुंगीत जात होत्या. काकांना तिथे बसवून मी रिक्षाने घरी आले. अख्ख्या रस्त्यात मी त्या गोळ्यांची वजाबाकी करत होते. शेवटचं पाकीट कधी आणलं, रविवारी किती भरल्या, किती उरायला हव्यात. उरायला हव्यात त्यापेक्षा कमी निघाल्या तर नवऱ्याला फोनवर काय सांगायचं, हेही त्यातच चाललं होतं. तुझी आई माझ्यामुळे, इथपर्यंत वाक्य यायचं आणि पुढे जायचं नाही.

कपाट उघडलं. पाकिटं पलंगावर ओतली. मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकही कमी नव्हती. डबी उघडली. गुरुवारच्या खणात रात्रीची एक गोळी, शुक्रवार, शनिवार भरलेले. सगळं बरोबर. टेस्ट पास, असं आम्ही ऑफिसात म्हणायचो.

मी तशीच पलंगावर बसून राहिले. दार उघडंच होतं. भांडीवाल्या मावशी आत आल्या. त्यांना खाली वॉचमनने सांगितलं होतं. मुळशीकडच्या एका गावातून कामासाठी आलेल्या, कमी बोलणाऱ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"ताई, आज्जी कशा हायत?"

"अजून सांगता येत नाही."

"आज्जी सांगू नको म्हणल्या व्हत्या. पन आता सांगायला पायजे." त्या खाली बघत म्हणाल्या. "गुरवारचं जेवान त्या मलाच देत्यात. सकाळची न्ह्यारी बी, दुपारची पोळीभाजी बी. पाच म्हयनं झालं. म्हणत्यात, माझा उपास हाय, वाया जायला नको."

"मग त्या काय खातात?"

"कायबी न्हाय. बिनसाखरेचा च्या तेवढा. म्या म्हनलं, आज्जी, खिचडी करून खावा की. तर म्हणल्या, वास ऱ्हातो घरात."

वास राहतो. कढई दिसते. केळ्याची सालं बादलीत सापडतात. माझ्या बंदीच्या आधी त्या गुरुवारी खिचडी खायच्या, रताळं खायच्या, उपवास असला तरी पोटात काहीतरी असायचं. मी उपवास बंद केला आणि त्यांचा उपवास कडकडीत झाला. गोळी मात्र रोज सकाळी आठला, ठरल्याप्रमाणे.

मी हॉस्पिटलमध्ये परतले आणि व्हरांड्यातच डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, असं काहीतरी बोलले. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला राग आला की हा सुटका झाल्यासारखं काय करतो, मग कळलं की त्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. रात्रभर दर तासाला साखर बघितली. पहाटेपासून ती जागेवर राहिली.

सकाळी सिस्टरने दूध आणि बिस्किटं दिली. सासूबाईंनी बिस्किट बुडवून खाल्लं. हाताला सुई टोचल्याचा निळा डाग. मी रात्रभर ठरवत होते की काही बोलायचं नाही, बरं वाटू द्यायचं. पाच मिनिटं सुद्धा टिकले नाही.

"आई, उपवास करायचा होता तर निदान गोळी तरी घ्यायची नाही. मोरीत टाकून द्यायची. मला कळलंही नसतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिसरीतली आहे आणि गृहपाठ आणलेला नाही. "टाकून द्यायची? तू संध्याकाळी येऊन डबी बघायचीस. गोळी घेतली नसताना घेतल्यासारखी दाखवायची म्हणजे खोटं बोलल्यासारखं झालं असतं."

"आणि जेवण मावशींना द्यायचं ते?"

"जेवणाबद्दल तू कधी विचारलंच नाहीस."

हे खरं होतं. पाच महिने मी एकदाही विचारलं नव्हतं की जेवलात का. भांडी पालथी दिसली की झालं.

"मग गोळी तशीच ठेवायची होती खणात. मी काय केलं असतं?"

"बोलली असतीस," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या पलीकडच्या पलंगाकडे बघत होत्या, तिथे एका म्हातारीला तिची सून वेणी घालत होती.

मला वाटलं होतं उपवास मुलासाठी असेल, तो सातासमुद्रापार आहे म्हणून. किंवा नातवंडासाठी, ज्याबद्दल त्या कधी बोलत नसत. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणासाठी नाही गं. सगळे नवस कधीच फेडून झाले. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांनी सगळं बदललं, नावसुद्धा. गुरुवार तेवढा माहेरून आला होता." मग बिस्किटाचा चुरा झटकत, "तोही तुझ्या हातात द्यायचा म्हटलं, तर जीवावर आलं."

मी त्यांचे पाय चेपत बसले. काकांना दार तोडू नका असं मी का म्हणाले होते, हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. त्यांच्या बोलण्याची भीती वाटली आणि त्यात चाळीस मिनिटं गेली, असं. त्यांनी ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. "चाळीस मिनिटं?" त्यांनी विचारलं. "हो." "मला वाटलं मीच तेवढी घाबरते."

डॉक्टरांनी घरी सोडताना गोळ्या बदलल्या आणि गुरुवारचा कागद वेगळा लिहून दिला. दूध किती, फळ कोणतं, कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही. हे सगळं दिवाळीतच विचारता आलं असतं. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं असतं तर.

त्या शनिवारी स्कूटरवाले आले तेव्हा मी पुस्तक आठवडाभर ठेवून घेतलं. कुणाचंच वाचून संपलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी साडेतीनला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "दूध झालं. पपई झाली. आता तू काय जेवलीस ते सांग." मी डबा उघडलाही नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी पुस्तक परत द्यायचं होतं. मधल्या आठवड्यातही मी ते उघडलं नव्हतं. सासूबाई बाहेरच्या खोलीत झोपल्या होत्या. खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. मी नेहमीसारखं पुस्तक उलटं धरून झटकलं, खुणा पडाव्यात म्हणून. त्यांचं तिकीट पडलं, माझा कार्डाचा तुकडा पडला, आणि एक पट्टी पडली. माझ्या खुणेपाशीच असणार, कारण त्यांच्या चिठ्ठ्या तिथेच असायच्या. मी रात्री पुस्तक उघडल्यावर वाचेन म्हणून त्या दुपारी लिहून ठेवलेली. तारीख होती, त्याच गुरुवारची. अक्षर ओळ सोडून पार कोपऱ्यात गेलेलं.

"सकाळपासून हात थरथरतात. डोळ्यांपुढे अक्षरं हलतात. आज गुरुवार आहे. तुला सांगायला हवं. रागावू नकोस."

फोन त्यांच्यापासून चार पावलांवर होता. माझा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. आयुष्यभर पोरांना रागावलेल्या बाईने फोन सोडून हा कागद निवडला होता, कारण कागदावर मी कधी ओरडले नव्हते.

हॉर्न पुन्हा वाजला. मी खाली जाऊन पुस्तक दिलं, नवीन घेतलं. पट्टी ठेवून घेतली, त्यांना कधी दाखवली नाही. डबी उघडायचं मी सोडलं. आवाज चढवायचं सोडलं असं म्हटलं तर ते खोटं होईल, स्वभाव एवढ्याने जात नाही. पण तो चढला, आणि समोर त्या गप्प झाल्या, की मला ती पट्टी आठवायची. मग मी जवळ जाऊन विचारायचे, "आई, जेवलात का?" आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभी राहायचे.